आधी डोंगर, मग सीमा

नव्याने भूगोल शिकवायला घेताय ना, मग प्राकृतिक आणि राजकीय नकाशे एकाच दिवशी भिंतीवर लावू नका. मुलं रंगांत अडकतात. हिरवा म्हणजे जंगल, असं निम्म्या वर्गाला वाटतं. उंची दाखवणाऱ्या नकाशात तो सखल प्रदेश असतो, हे पहिल्याच तासाला सांगून टाका. (इजिप्तचं सखल वाळवंटही तिथे हिरवंगार दिसतं!)

मग ट्रेसिंग पेपर काढा. त्यावर मुलांना फक्त राजकीय सीमा गिरवू द्या आणि तो कागद प्राकृतिक नकाशावर ठेवा. सीमा कुठे नदी-डोंगराला चिकटून जाते, कुठे पट्टीने मारल्यासारखी सरळ धावते, हे बोटाने दाखवायला लावा. फ्रान्स-स्पेनच्या मध्ये पिरेनीज पर्वत उभा आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या सरळ सीमा मात्र रॉकी पर्वताला खुशाल कापत जातात. ‘असं का?’ हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्या, उत्तराची घाई नको. २०१४ मध्ये तेलंगण वेगळं झालं, पण दख्खनचं पठार तसूभरही हललं नाही, हे उदाहरण माझ्या वर्गात हमखास चालतं.

राजधान्यांची घोकंपट्टी? ती शेवटी, वेळ उरला तर.