मंगळाचे ‘चतुर्भुज’ नव्हेत, तर्फा

देवरुखजवळच्या एका शाळेतील विज्ञानशिक्षिका प्रदर्शनासाठी मंगळाचा मोठा नकाशा तयार करीत आहेत. त्या नकाशातील ज्या ३० भागांना इंग्रजीत ‘क्वाड्रँगल’ म्हणतात, त्यांना मराठीत ‘चतुर्भुज’ म्हणावे की ‘चतुष्कोण’, असे त्यांनी विचारले आहे. दोन्ही म्हणू नये, आणि ‘चतुर्भुज’ तर मुळीच म्हणू नये. बातम्यांतून आणि चित्रफितींच्या निवेदनांतून हा शब्द सारखा कानावर पडतो व दर वेळी संताप येतो, कारण तो हिंदीतून जसाच्या तसा उचललेला आहे. चार बाजूंच्या आकृतीला हिंदीत चतुर्भुज म्हणतात. मराठी मुले तिला चौकोन म्हणतात. मराठीत चतुर्भुज एक तर विष्णू असतो, नाही तर नुकतेच लग्न झालेला माणूस.

‘चतुष्कोण’ मराठीला परका नाही, पण तो वस्तूला लागू पडत नाही. मरिनर ९ हे यान नोव्हेंबर १९७१ मध्ये मंगळाभोवती फिरू लागले आणि त्याने पाठवलेल्या छायाचित्रांच्या आधारे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने एकास पन्नास लाख या प्रमाणात त्या ग्रहाचे नकाशे केले. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना ३० अंशांपर्यंत १६ भाग आहेत, त्यांच्या पलीकडे ६५ अंशांपर्यंत १२ आहेत आणि दोन्ही ध्रुवांवर एकेक. विषुववृत्तालगतचे भाग कागदावर आयताकार उतरतात, मधल्या पट्ट्यांतले उघडलेल्या पंख्यासारखे दिसतात आणि ध्रुवांवरचे दोन तर चक्क वाटोळे आहेत. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे नाव मंगळावरच्या एका विवराला दिलेले आहे, आणि ते विवर उत्तर ध्रुवाच्या ‘मारे बोरेउम’ या वाटोळ्या भागात येते. ज्याला एकही कोन नाही, त्याला चतुष्कोण कसे म्हणावे?

खरी अडचण आकाराची नाहीच. हे भाग ग्रहाने पाडलेले नाहीत, मोजणाऱ्याने पाडलेले आहेत. सुमारे ६०० किलोमीटर रुंदीचा ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी ‘थार्सिस’ आणि ‘ॲमेझोनिस’ या दोन भागांच्या सीमेवर पसरलेला आहे. रेखावृत्ताची रेघ त्याच्या अंगावरून जाते आणि पर्वताला त्याचे काही नाही. ‘अरेबिया’ नावाचा भाग निराळा आणि ‘अरेबिया टेरा’ नावाची प्राचीन उंच भूमी निराळी, कारण ती भूमी आपल्या नावाच्या भागाबाहेर चांगलीच पसरलेली आहे. म्हणून आपल्याला भूगोलातला शब्द नको आहे, सरकारी दप्तरातला हवा आहे; आणि असा शब्द कोकणात गावोगावच्या पाट्यांवर लिहिलेला असताना ‘मानचित्रखंड’ यासारखी जोडकामे सुचवणाऱ्या परिभाषाकारांनी एकदा तरी एस.टी.च्या खिडकीतून बाहेर पाहायला हवे होते. तो शब्द ‘तर्फ’.

संगमेश्वर तालुक्यात वाशी तर्फ देवरुख आणि वाशी तर्फ संगमेश्वर अशी दोन गावे आहेत, तेव्हा प्रश्नकर्त्या बाईंना हा शब्द नवा नसावा. मराठेशाहीत सुभ्याखाली महाल आणि तर्फा असत, एकेका तर्फेत काही गावे येत, आणि एकाच नावाची दोन गावे असली की कोणते कोणत्या तर्फेतले हे नावातच लिहिले जाई. हल्ली काही पाट्यांवर ‘तर्फे’ असे वाचून नवी मंडळी ‘देवरुखच्या वतीने वाशी’ असा विचित्र अर्थ लावतात. तेथे ‘तर्फे’ म्हणजे ‘तर्फेत’, एवढेच.

या शब्दाचे मूळ अरबी ‘तरफ’, म्हणजे बाजू, कड, टोक. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि त्याने केवढा संसार थाटला ते पाहावे. एका बाजूचा तो एकतर्फी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असतात ती दुतर्फा झाडे, कोणाच्या बाजूने बोलणे म्हणजे त्याच्या तर्फे बोलणे, आणि फारसीतील ‘बर तरफ’, म्हणजे बाजूला सारलेला, हाच आपला बडतर्फ. स्पेनच्या किनाऱ्यावरचे जे ट्रॅफल्गर भूशिर १८०५ च्या आरमारी लढाईमुळे प्रसिद्ध झाले, त्याच्या नावाचा पूर्वार्धही हाच अरबी ‘तरफ’ आहे. उत्तरार्ध गुहेचा की पश्चिमेचा, यावर विद्वान भांडतात. पूर्वार्धाबद्दल वाद नाही. अटलांटिकच्या काठावरचे ते टोक आणि सह्याद्रीच्या पायथ्याचे वाशी एकाच शब्दाने बांधलेले आहेत, हे प्रथम उमगले त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

माझ्या परिचयाचे एक जाणकार हा शब्द ‘तर’, म्हणजे खाडी ओलांडण्याची होडी, यावरून काढतात आणि तरीच्या भोवतालचा मुलूख तो तर्फ असे सांगतात. दाभोळ-धोपाव्याची तर पाहिलेल्या माणसाला हे गोड वाटेल, पण व्युत्पत्ती गोडीवर ठरत नाही. पन्हाळा तालुक्यात पोहाळे तर्फ आळते आणि पोहाळे तर्फ बोरगाव ही गावे आहेत. तेथे कोणती खाडी आणि कोणती तर? शिवाय ‘फ’ कोठून आला, याचे उत्तर त्यांनी आजवर दिलेले नाही.

खाडीचा संबंध मी मात्र वेगळ्या रीतीने लावतो. तर्फ घाटावरही होती, पण कोकणात ती लोकांच्या मनात रुजली, याचे कारण येथील भूमीच बाजूंची बनलेली आहे. बाणकोट, दाभोळ, जयगड अशा एकेका खाडीने मुलूख चिरलेला असल्यामुळे येथील माणूस पूर्व-पश्चिमेपेक्षा अलीकडे आणि पलीकडे यांतच दिशा सांगतो, पलीकडच्या अंगाचा सोयरा वेगळा मानतो आणि पावसाळ्यात तर पलीकडचे गाव त्याला परमुलूख वाटते. ज्या शब्दाचा अर्थच बाजू आहे, तो अशा ठिकाणी सरकारी राहत नाही, घरचा होतो. देशावरच्या परगण्याला हे भाग्य लाभले नाही, असे माझे ठाम मत आहे.

तेव्हा बाईंनी नकाशावर ‘मंगळाच्या ३० तर्फा’ असे निःशंक लिहावे. मंगळावरच्या मोठ्या दऱ्यांना निरनिराळ्या भाषांतील त्या ग्रहाची नावे देण्याचा प्रघात आहे आणि त्यात संस्कृतातून घेतलेले ‘मंगला’ हे नावही आहे. ती दरी ‘मेम्नोनिया’ या सोळाव्या भागात येते, म्हणून तिच्याखाली ‘मंगला, तर्फ मेम्नोनिया’ असे लिहावे, आणि त्या विवरापाशी ‘लोणार, तर्फ मारे बोरेउम’.