सातपुड्यात रात्री सायकलस्वार शोधताना

प्रिय मित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. जळगाव जिल्ह्यातल्या पालच्या जंगलात सायकली घेऊन गेलेली मुले अंधार पडूनही परतली नाहीत, तर वनविभागाच्या मदतीला जाणाऱ्याने आधी काय करावे, असे तू विचारले आहेस. अशा वेळी उत्साही मंडळी मोटारसायकलींना किक मारून आधी निघतात आणि विचार मागाहून करतात. माझ्या मते मात्र रात्रीचा निम्मा शोध पहिल्या तासात, जंगलाबाहेर बसून केलेल्या चौकशीतच लागतो.

पोलिसांना ११२ वर आणि वनविभागाला १९२६ वर ताबडतोब कळवावे. पालचे जंगल ज्यात येते ते यावल १९६९ पासून अभयारण्य आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार तिथे परवानगीवाचून जाता येत नाही. म्हणून हेतू कितीही चांगला असला तरी वनरक्षक बरोबर नसताना नाक्यापुढे पाऊल टाकू नये. तो येईपर्यंत एकाने घरच्यांजवळ शांतपणे बसून विचारावे, की किती जण गेले, त्यांना शेवटचे कोणी, कुठे आणि किती वाजता पाहिले, पाणी आणि दिवे किती होते, पंक्चर काढायचे सामान कोणाकडे होते आणि टायरची नक्षी कशी होती. शेवटचा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो, पण घरातल्या कोणाच्या तरी मोबाईलमध्ये सायकलचा फोटो असतोच. हरवलेल्यांना सारखे फोन लावू देऊ नयेत. रेंज क्षीण असली की बॅटरी लवकर उतरते. बोलणे होत नाही तिथेही कधी कधी एसएमएस पोहोचतो, तेव्हा ‘आहात तिथेच थांबा’ एवढाच निरोप पाठवावा.

पायी गेलेला माणूस तासाभरात फार लांब जात नाही. सायकलस्वार तेवढ्याच वेळात दहा-बारा किलोमीटर सहज काढतो, मात्र वाट सोडून दाट झाडीत त्याला फारसे शिरता येत नाही. म्हणून सुमारे १७५ चौरस किलोमीटरचे रान चाळत बसण्यापेक्षा वाटांची तोंडे धरावीत. सातपुड्याचा हा उतार तापीकडे आहे. सुकी, मोर या नद्यांचे नाले धरून खाली येणारा दमलेला माणूस अखेर रावेर-यावलच्या केळीच्या बागांत उतरतो. विजेच्या पाळीमुळे रात्री मोटर चालू करायला शेतात आलेले शेतकरी तिथे जागे असतात, त्यांच्यापर्यंत निरोप गेलाच पाहिजे. उत्तरेला धारेपलीकडे मध्य प्रदेश लागतो. तिकडच्या पोलिसांनाही त्याच वेळी कळवावे, कारण वाट चुकलेल्याला राज्याची हद्द दिसत नाही.

माग काढायला जंगलवस्तीतले पावरा किंवा तडवी आदिवासी जाणकार पुढे असावेत आणि जीप बरीच मागे असावी, नाहीतर आपणच आपला पुरावा तुडवतो. विजेरी वरून न मारता जमिनीलगत आडवी धरली, की फुफाट्यातल्या नक्षीची सावली पडते आणि उभ्याने न दिसणारा ठसा उठून दिसतो. पुढच्या-मागच्या चाकांचे ठसे एकावर एक सरळ पडले असतील तर स्वार वेगात होता. ते नागमोडी होऊन वेगळे झाले असतील तर चढ होता किंवा तो दमला होता. आणि ठशाशेजारून एकाच बाजूने बुटाचे पाऊल चालत असेल तर तो सायकल ढकलत होता, म्हणजे काटा भरला, चेन तुटली किंवा त्याला लागले. संध्याकाळी गुरे याच वाटांनी परततात. टायर खुरांवर उमटला असेल तर सायकल गुरांच्या मागून गेली, खुरांखाली मोडला असेल तर आधी गेली. गुराख्याला परतण्याची वेळ विचारली की अंदाज पक्का होतो. सागाची पानगळ झाली की ठसे झाकले जातात, मग चुरडलेल्या पानांवरच भिस्त ठेवावी लागते. ठसा संपेल तिथे पुढे धावू नये, वाटेच्या दोन्ही कडांखाली उजेड टाकून पाहावे.

थोड्या थोड्या वेळाने सर्वांनी थांबून इंजिने बंद करावीत, तीन शिट्ट्या द्याव्यात आणि मग दोन मिनिटे गप्प राहून ऐकावे. गप्प राहणेच लोकांना सर्वांत अवघड जाते. एकट्याने कोणी आत जाऊ नये. बिबट्याची धास्ती सगळ्यांनाच असते. मला मात्र मोहाची फुले पडण्याच्या दिवसांत पहाटे झाडाखाली आलेल्या अस्वलाची काळजी अधिक वाटते. हाकेला उत्तर येत नसेल तर कड्याची उतरण उजाडेपर्यंत राखून ठेवावी.

माणूस सापडला की आधी डोके आणि मान पाहावी. तो एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल किंवा ओकत असेल, तर त्याला चालवत आणू नये. १०८ ची रुग्णवाहिका जिथवर येईल तिथवर सपाट स्ट्रेचरवर, मान न हलवता न्यावे. ऊन लागलेल्याचे अंग ओले करून वारा घालावा आणि पूर्ण शुद्धीत असेल तरच पाणी घोटाघोटाने द्यावे. हिवाळ्यात मात्र घामाने भिजलेले कपडे आधी काढून घोंगडी पांघरावी.

सापडल्याचा निरोप घरच्यांबरोबरच प्रत्येक नाक्याला, पलीकडच्या राज्याला आणि आत असलेल्या प्रत्येक तुकडीला द्यावा. आत गेलेल्यांची नावे व वेळा एका वहीत लिहिलेल्या असाव्यात आणि शेवटचा माणूस बाहेर आल्याची नोंद होईपर्यंत कोणी घरी जाऊ नये. ती वही तू सांभाळ. तुझे अक्षर सुवाच्य आहे.

कळावे,
तुझा हितचिंतक