सार्वजनिक निधीतील घरे : दर्जा नेमका कुठे ठरतो?

सरकारी किंवा स्थानिक संस्थांच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या परवडणाऱ्या घरांच्या रचनेविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतील बरेच प्रश्न एकमेकांशी मिळतेजुळते असल्याने ते एकत्र करून त्यांपैकी पाच येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. निधी ठरलेला असतो आणि प्रतीक्षायादी लांबलचक असते. रचनेवर जास्त खर्च केला की घरांची संख्या घटणार, हे उघड आहे. ज्याच्या डोक्यावर छप्परच नाही त्याला आधी छप्पर द्यावे आणि देखणेपणाचे नंतर पाहावे, या म्हणण्यात चूक काय?

उत्तर : आपला हिशेब खरा आहे, पण तो ताबा देण्याच्या दिवशीच थांबतो. इमारत त्यानंतर पन्नास-साठ वर्षे वापरायची असते आणि गळती, ओल, बंद पडणारी लिफ्ट यांचा खर्च तेवढीच वर्षे कोणाला तरी सोसावा लागतो. तो कोणी सोसला नाही, तर रहिवासी तो प्रकृतीच्या रूपाने सोसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घर आणि आरोग्य यांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत दाटीवाटी, घरातील अति थंडी व अति उष्णता, घरगुती अपघात आणि अपंग व्यक्तींना वावरण्याजोगी रचना हे विषय आहेत. यांतला एकही विषय देखणेपणाचा नाही.

दुसरे असे की रचनेतले कितीतरी निर्णय फुकट असतात. स्वच्छतागृहे एकाखाली एक आणली आणि पाइपांच्या डक्टला जिन्याच्या बाजूने दार ठेवले, तर पाइप गळाल्यावर प्लंबर कोणाच्याही घरात न शिरता काम उरकून जातो. ते दार ठेवले नाही, तर तीच गळती शोधण्यासाठी एखाद्या कुटुंबाच्या टाइल्स फोडाव्या लागतात आणि त्या भरून कोणी द्यायच्या यावर महिनोन्महिने पत्रव्यवहार चालतो. दोन्ही नकाशांचा बांधकाम खर्च जवळपास सारखाच असतो. वाऱ्याचेही तसेच आहे. एकाच बाजूला खिडकी असेल तर मोकळी हवा साधारणपणे छताच्या उंचीच्या दोन-अडीच पट अंतरापर्यंतच आत खेळते, तर समोरासमोर खिडक्या असल्या तर ती पाचपट अंतर पार करू शकते. मधल्या मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना सदनिका रचल्या की दुसऱ्या बाजूची खिडकी मिळतच नाही, आणि पुढे पंखे व यंत्रे लावून ती उणीव रहिवाशांच्या वीजबिलातून भरून काढली जाते.

इंग्लंडमधील नॉर्विच नगर परिषदेने बांधलेली गोल्डस्मिथ स्ट्रीट ही सुमारे शंभर घरांची वसाहत या संदर्भात पाहण्यासारखी आहे. २०१९ साली तिला ब्रिटनमधील वास्तुरचनेचे स्टर्लिंग पारितोषिक मिळाले. तिथे छपरांचा उतार मुद्दाम कमी ठेवला आहे, म्हणजे पुढच्या ओळीतल्या घरांची सावली मागच्या घरांच्या खिडक्यांवर पडत नाही. पत्रपेट्या दारात न बसवता बाहेरच्या पडवीच्या भिंतीत बसवल्या आहेत, कारण दारातल्या फटीतून थंड वारा आत येतो. ही घरे पासिव्हहाउस या ऊर्जाबचतीच्या कडक मानकानुसार बांधली असल्याने सुरुवातीचा खर्च काहीसा वाढला असणार, हे मान्य केले पाहिजे. पण पत्रपेटीची जागा बदलायला लागतो तो विचार, आणि तो करायला पगारी माणूस वेळेवर नेमलेला असावा लागतो.

आणि पैसा खरोखरच अपुरा असेल, तर? मग पूर्ण पण निकस घरापेक्षा चांगल्या घराचा अर्धा भाग बांधावा, असे माझे मत आहे. चिलीतील इकिके शहरात आलेहांद्रो अरावेना आणि त्यांच्या ‘एलेमेंटल’ या संस्थेने २००४ मध्ये किन्ता मोनरोय वसाहतीत तेच केले. सुमारे ७० चौरस मीटरपर्यंत वाढू शकेल अशा घराचा निम्मा भाग त्यांनी अनुदानातून उभारला. कुटुंबाला स्वतःहून करणे अवघड जाते ते त्या निम्म्यात होते, म्हणजे सांगाडा, जिना, स्वयंपाकघर आणि स्नानगृह. उरलेला भाग कुटुंबांनी सवडीने भरून काढला. हा मार्ग उंच इमारतींत चालत नाही आणि वाढीव बांधकामावर तांत्रिक देखरेख नसेल तर तो धोकादायकही ठरतो, तरीही संख्या विरुद्ध दर्जा हा वाद तिथे वेगळ्या वाटेने सोडवला गेला, हे खरे.

प्रश्न : मी वास्तुकलेची विद्यार्थिनी आहे. बहुतेक योजनांत दर्जाचे मानक म्हणजे किमान चटई क्षेत्र एवढेच दिसते. तेवढे पुरेसे आहे का? नसेल तर मानक कसे लिहावे?

उत्तर : पुरेसे नाही, पण अनावश्यकही नाही. क्षेत्रफळाचा आकडा काढून टाकला तर काय होते, याचा धडा ब्रिटनने घेतलेला आहे. १९६१ मध्ये तिथल्या पार्कर मॉरिस समितीने आपला अहवाल दिला. खोल्यांची मापे आधी ठरवून मग त्यांत माणसे बसवायची, ही रीत समितीने उलटी केली. घरात राहणारी माणसे किती, ती तिथे काय काय करणार, त्यासाठी कोणते सामान लागणार आणि त्या सामानाभोवती वावरायला किती जागा हवी, हे आधी मांडले आणि त्यातून क्षेत्रफळ काढले. चार माणसांच्या सदनिकेसाठी ते सुमारे ७० चौरस मीटर आले आणि साठवणीची जागा त्याहून वेगळी धरली. १९६९ पर्यंत ही मानके सार्वजनिक गृहबांधणीत बंधनकारक झाली आणि १९८० मध्ये ते बंधन उठवले गेले. नंतर घरे आकसली, ओरड झाली आणि २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये नवे राष्ट्रीय मानक आले. दोन शयनगृहांच्या, चार माणसांच्या एकमजली सदनिकेला त्यात किमान ७० चौरस मीटर सांगितले आहेत, मात्र या वेळी साठवणीचे २ चौरस मीटर त्यातच धरून. अर्धे शतक उलटल्यावर गाडी जवळपास मूळ जागी आली, तीही थोडी मागेच. शिवाय हे मानक आपोआप लागू होत नाही. स्थानिक प्राधिकरणाने ते आपल्या आराखड्यात स्वीकारावे लागते.

मानक लिहिताना काही गोष्टी मी आग्रहाने सांगेन. क्षेत्रफळ खोल्यांच्या संख्येवर नव्हे, माणसांच्या संख्येवर बांधावे. ‘दोन शयनगृहांचे घर’ तिघांचे असू शकते किंवा चौघांचे, आणि ही संदिग्धता नेहमी रहिवाशाच्या विरुद्धच वापरली जाते. क्षेत्रफळाबरोबर रुंदीही लिहावी. वर सांगितलेल्या २०१५ च्या मानकात एकेरी शयनगृहाला ७.५ चौरस मीटर क्षेत्र आणि २.१५ मीटर रुंदी अशी दुहेरी अट आहे ती उगीच नाही. बोळासारख्या खोलीचे क्षेत्र कागदावर भरते, पण पलंग ठेवला की दार पूर्ण उघडत नाही. म्हणून मंजुरीच्या नकाशात सामान मापानुसार काढून दाखवणे सक्तीचे असावे आणि त्यात १.५ मीटर व्यासाचे वर्तुळ, म्हणजे चाकाची खुर्ची वळवायला लागणारी जागा, कुठे बसते तेही दाखवावे. एकदा एवढी सक्ती झाली की निम्म्या चुका नकाशा काढणाऱ्यालाच दिसतात.

एक धोका मात्र राहतो. किमान म्हणून लिहिलेला आकडा व्यवहारात कमाल होऊन बसतो, कारण त्याच्यापेक्षा चौरस फूटभर जास्त देणाऱ्या अधिकाऱ्याला लेखापरीक्षक जाब विचारतो आणि नेमके तेवढेच देणाऱ्याला कोणीही काही विचारत नाही. यावर नियमावलीत उपाय नाही. तो निविदेच्या गुणांकनात शोधावा लागतो.

प्रश्न : मी एका स्थानिक संस्थेची निर्वाचित सदस्य आहे. आमच्याकडे सुरुवातीचे आराखडे उत्तम असतात, पण प्रत्यक्ष इमारत उभी राहते ती वेगळीच. दोष कोणाला द्यायचा?

उत्तर : आपल्या निविदेला. सर्वांत कमी दराला काम द्यायचे ठरले की त्या दरात न बसणारी प्रत्येक गोष्ट कंत्राटदार वाटेत गाळत जातो, आणि त्याला तसे करायला वाट असते ती ‘किंवा समतुल्य’ या दोन शब्दांची. खिडकीची चौकट, जलरोधक थर, बिजागऱ्या, सगळे काही समतुल्याने बदलते. समतुल्य आहे की नाही हे ठरवणारा रचनाकार नकाशे मंजूर होताच कामावरून मोकळा केलेला असतो. अशा बदलांचे टोक किती भयानक असू शकते हे लंडनच्या ग्रेनफेल टॉवरने दाखवले. सार्वजनिक मालकीच्या त्या इमारतीच्या नूतनीकरणात आधी जस्ताचे बाह्य आवरण योजले होते. खर्च वाचवण्यासाठी त्याऐवजी पॉलिएथिलीनचा, म्हणजे पेट घेणाऱ्या प्लास्टिकचा, गाभा असलेले अॅल्युमिनियमचे पत्रे लावले गेले. १४ जून २०१७ च्या आगीत ७२ माणसे गेली. त्यामागे उत्पादकांपासून नियामकांपर्यंत अनेकांचे दोष होते, असे चौकशीत निष्पन्न झाले. पण साहित्यातला बदल कोणाच्या सहीने आणि कोणत्या तपासणीनंतर होतो, हा प्रश्न प्रत्येक लहानमोठ्या प्रकल्पाला लागू आहे.

व्हिएन्नाने स्पर्धेचा विषयच बदलला. तिथे १९९५ पासून मोठ्या अनुदानित प्रकल्पांसाठी विकासकांत स्पर्धा घेतली जाते. विकासक वास्तुरचनाकाराला बरोबर घेऊनच उतरतो आणि निरनिराळ्या विषयांच्या जाणकारांचे परीक्षक मंडळ प्रस्तावाची वास्तुरचना, खर्च, पर्यावरण आणि २००९ पासून सामाजिक टिकाऊपणा अशा चार बाजू तपासते. खर्च ही चारांपैकी एक बाजू आहे, एकमेव नव्हे. हे शक्य होते कारण जमीन शहराच्या निधीसंस्थेच्या हाती असते. जिथे जमीन विकासकाची आणि अनुदान तेवढे सरकारचे, तिथे इतके बळ वापरता येणार नाही.

तरीही आपल्या हातात बरेच आहे. दर्जा आणि दर यांचे गुण वेगळे ठेवा, आणि दराचे पाकीट दर्जाच्या गुणांची बेरीज झाल्यावरच उघडा. समतुल्य वस्तूला रचनाकाराची लेखी संमती बंधनकारक करा आणि त्याची नेमणूक ताबा देईपर्यंत ठेवा. एक नमुना सदनिका आधी पूर्ण करून घ्या, तिच्यात नळ, दिवे, दारे आठवडाभर वापरून पाहा आणि मग बाकीचे काम त्या मापाने मोजा. अनामत रकमेचा भाग वर्षातले सर्व ऋतू उलटल्यावरच परत करा, कारण गळती आणि ओल उद्घाटनाच्या दिवशी दिसत नाहीत.

प्रश्न : गरिबांसाठी उंच इमारती बांधूच नयेत, त्या हटकून बकाल होतात, असे म्हणतात. ते खरे आहे का?

उत्तर : उंचीला एकटीला दोष देणे सोपे आहे. अमेरिकेतील सेंट लुइस शहरातल्या प्रुइट-आयगो वसाहतीचे उदाहरण नेहमी दिले जाते. १९५० च्या दशकात बांधलेल्या तिच्या ११ मजली ३३ इमारती १९७२ पासून पाडाव्या लागल्या. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर न थांबण्याची तिथली काटकसर वाईटच होती. पण देखभालीचा सगळा खर्च भाड्यातून काढायचा असे ठरले होते, शहराची लोकवस्ती घटत गेली, घरे रिकामी पडली, भाडे आटले आणि त्याबरोबर दुरुस्तीही आटली. सिंगापूरमध्ये बहुसंख्य लोक सार्वजनिक गृहमंडळाच्या उंच इमारतींत राहतात. तिथे सामाईक भागांची देखभाल करणाऱ्या नगर परिषदांना लिफ्ट, छत यांच्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी कायद्याने वेगळा राखीव निधी ठेवावा लागतो. जी संस्था असा निधी उभारू शकत नाही तिने लिफ्टवर अवलंबून असलेली इमारत बांधू नये, एवढेच मी म्हणेन.

प्रश्न : आमच्या योजनेत घरे सोडतीने मिळतात, त्यामुळे बांधकामाच्या वेळी राहणारे कोण हे ठाऊकच नसते. मग रहिवाशांचे मत घ्यायचे कसे?

उत्तर : आधीच्या योजनेतल्या रहिवाशांकडून. भावी रहिवासी ठाऊक नसले तरी तशाच घरात तीन-चार वर्षे काढलेली कुटुंबे ठाऊक असतात, आणि त्यांनी घरात केलेले बदल हीच त्यांची साक्ष असते. कोणी सज्जा बंदिस्त केला असेल तर साठवणीची जागा अपुरी होती. मार्गिकेत सायकली साखळीने बांधलेल्या असतील तर तळमजल्यावर त्यांची सोय नव्हती. अनेक योजनांत असे बदल म्हणजे नियमभंग ठरवून नोटिसा काढल्या जातात. तेच बदल मोजून पुढच्या नकाशात घातले, तर नोटिसांचे काम कमी होईल.

जुन्या इमारतींत तर रहिवासी समोरच असतात. फ्रान्समधील बोर्दो शहरात ग्रां पार्क वसाहतीतील ५३० घरांचे नूतनीकरण करताना अॅन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल यांनी सहकारी वास्तुरचनाकारांसह प्रत्येक घराला बाहेरच्या बाजूने काचेच्या सरकत्या पडद्यांचा, सुमारे चार मीटर खोल सज्जा जोडला. काम चालू असताना कुटुंबे आपापल्या घरातच राहिली. या प्रकल्पाला २०१९ चे युरोपीय मीस व्हान डेर रोहे पारितोषिक मिळाले. पाडून नवे बांधण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी तो हिशेब जरूर तपासावा.

पाहणीसाठी मोठी यंत्रणा लागत नाही. ताबा दिल्यावर वर्षाने आणि पुन्हा तीन वर्षांनी, रचनाकार व अभियंता यांनी काही घरांत जाऊन तापमान व आर्द्रता नोंदवावी, कुटुंबाशी बोलावे आणि व्यवस्थापनाची तक्रारवही इमारतीच्या भागांनुसार लावून पाहावी : किती तक्रारी खिडक्यांच्या, किती पाइपांच्या, किती लिफ्टच्या. ही वही बहुतेक कार्यालयांत आधीपासून असतेच. फक्त ती दुरुस्ती विभागाच्या कपाटात राहते आणि नवे नकाशे काढणारा विभाग वेगळ्या मजल्यावर बसतो. पुढच्या निविदेचा मसुदा मंजुरीला ठेवताना त्याच्यासोबत मागच्या योजनेचा असा अहवाल जोडणे बंधनकारक करा, आणि अहवाल नसेल तर मसुदा परत पाठवा.