‘साहेब, तुम्ही सांगाल तसं’

“मॅडम, एकदा नमतं घेतलं की माणसं डोक्यावर बसतात. मग शिस्त राखायची कशी?” नव्याने साहेब झालेली बरीच माणसं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात. भोसरीतल्या एका कारखान्यात मशीनशॉपचे प्रमुख झालेले हे गृहस्थ आले तेव्हा त्यांची झोप उडालेली होती. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्यांचा नियम साधा होता. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, काहीही बदलायचं तर आधी त्यांची सही. काल आयटीआयमधून आलेला पोरगा असो की बावीस वर्षं मशीनवर काढलेले सेटर (मशीन कामासाठी लावून देणारे) मामा, सगळ्यांना तेच. महिन्याभरात शॉप शांत झालं. मामा तर प्रत्येक गोष्टीला म्हणायचे, “साहेब, तुम्ही सांगाल तसं.” हे मला सांगताना साहेबांना जरा अभिमानच वाटत होता. मला मात्र ते वाक्य खटकलं. इतक्या मुरलेल्या माणसाला कशावरच काही म्हणायचं नाही, असं होतं का कधी? मामांनी अंग काढून घेतलं होतं.

मग एक लॉट रिजेक्ट झाला. इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं बदलतं पातं, घासत आलाय हे मामांना आवाजावरून कळलं होतं. पण साहेब मीटिंगमध्ये, सही नाही, म्हणून मशीन चालू राहिलं. नियम तंतोतंत पाळला गेला!

इथे मी घाई केली. “थोडं सैल सोडून बघा,” म्हणाले आणि ते दुखावले. ‘लवचीक व्हा’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ‘ढिले पडा’ असंच ऐकू येतं, हे एवढ्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

पुढच्या भेटीत नियम बाजूला ठेवला आणि भीतीकडे वळलो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती अशा वेळी कामी येते. ‘लोकांनी माझं ऐकावं’ ही इच्छा झाली. ‘ऐकलंच पाहिजे, नाहीतर माझी किंमत शून्य’ हा हट्ट. त्यांचा तो ‘च’ पहिल्या नोकरीतल्या साहेबांकडून आलेला निघाला. तिथे सगळेच कामगार नवखे होते, त्यामुळे तो खपूनही गेला होता.

मग कागदावर रेघ ओढली. मशीनचं गार्ड आणि गेजची (मापं तपासायच्या साधनाची) तपासणी एका बाजूला. तिथे कुणालाच सूट नाही. इन्सर्ट बदलणं दुसऱ्या बाजूला. ते माणूस पाहून. नेतृत्वाचे अभ्यासक हर्सी आणि ब्लँचर्ड यांनी १९६९मध्ये काहीसं असंच मांडलं होतं: नवख्याला नेमकं सांगावं लागतं, मुरलेल्यावर काम सोपवावं लागतं. इन्सर्टसाठी मामांनी साहेबांची सही घेणं बंद झालं. पोरांनी कुरकुर केली, “मामांनाच का?” उत्तर तयार होतं: “शंभर सेटिंग बिनचूक कर, तुझीही सही बंद.”

मामा मात्र पहिले दोन आठवडे तेच म्हणत राहिले, “तुम्ही सांगाल तसं.” गेलेला विश्वास असा लगेच थोडाच परत येतो.

शेवटच्या भेटीत साहेब पुन्हा वैतागलेले. “मॅडम, मामा आता सगळ्यांसमोर वाद घालतात. तीनदा झालं.”

“बरोबर कोण होतं?”

“दोनदा मामा,” ते म्हणाले आणि हसायला लागले. “तिसऱ्यांदा मी होतो हं!”