घरून कामाचा हक्क नाही, पण पाळणाघराचा आहे

प्रश्न : मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते. ऑगस्ट २०२१ मध्ये लागले तेव्हापासून घरूनच काम आहे. नियुक्तीपत्रात कामाच्या ठिकाणापुढे 'रिमोट' असंच लिहिलंय. मॅनेजरनेही चॅटवर 'तू कायमची रिमोट, निर्धास्त राहा' असं सांगितलं होतं. त्या भरवशावर आम्ही भाड्याचं घर सोडून सासरी आलो. इथून ऑफिस २८० किलोमीटर. मुलगी तेरा महिन्यांची आहे. आता एचआरचा मेल आलाय : बारा दिवसांत ऑफिसला हजर व्हा, आठवड्याचे पाचही दिवस. हजर न झाल्यास तुम्ही स्वतःहून नोकरी सोडली असं समजू. सोबत 'सुधारित अटी' नावाचं पत्र आहे, त्यावर 'मान्य' बटण दाबायचंय. पदाच्या नावात 'लीड' आहे, पण हाताखाली कुणी नाही. सहकारी म्हणतात दुर्लक्ष कर, कंपनी काही करू शकत नाही. नवरा म्हणतो राजीनामा दे आणि मोकळी हो. कोर्टात जाता येईल का?

उत्तर : ताई, दोन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेवा. दुर्लक्ष करू नका, राजीनामाही देऊ नका. बारा दिवसांतले किती उरलेत ते मोजा आणि आधी एवढं ठरवा की त्या तारखेला तुम्ही एक तर ऑफिसात असाल, नाही तर मंजूर रजेवर. घरी बसून लॅपटॉप उघडून नेहमीसारखं लॉगिन केलं म्हणजे हजेरी लागली, या समजुतीत राहू नका. माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रकरणांत माणसं इथेच सगळ्यात जास्त फसतात. मूळ मुद्दा बरोबर असतो, पण दोन आठवडे गैरहजर राहिल्यामुळे मूळ मुद्दा मागे पडतो आणि भांडण गैरहजेरीचं होऊन बसतं.

बदलीच्या वादांत सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगून ठेवलंय की बदली मान्य नसेल तर अर्ज करा, गाऱ्हाणं मांडा, पण अर्ज केलाय म्हणून रुजू व्हायचं टाळता येणार नाही. ते प्रकरण एका सरकारी वीज मंडळातल्या कर्मचाऱ्याचं होतं, तुमचं खासगी कंपनीतलं आहे आणि रूढ अर्थाने बदलीचंही नाही. तरी न्यायाधीशांची नजर अशीच असते : आधी आदेश पाळलात का, मग तक्रार केलीत का.

दुसरीकडे, 'स्वतःहून नोकरी सोडली असं समजू' हे एचआरचं वाक्य वाटतं तितकं बळकट नाही. काही दिवस गैरहजर राहिलं की नोकरी आपोआप संपते, असा नियम एका कंपनीच्या स्थायी आदेशांतच, म्हणजे सेवाशर्तींच्या लेखी नियमावलीतच, होता. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियम असला तरी त्या माणसाला बाजू मांडू दिल्याशिवाय नोकरीवरून काढता येत नाही. तुम्ही रोज मेल पाठवताय, रजेचे अर्ज करताय, पाळणाघराबद्दल विचारताय, आणि तरी म्हणे तुम्ही नोकरी सोडून गेलात, हे कंपनीला सिद्ध करणं जड जाईल. म्हणून गप्प बसू नका. काही ना काही लेखी जात राहू द्या.

आता नियुक्तीपत्र. तुम्ही पाठवलेल्या फोटोत 'कामाचे ठिकाण : रिमोट' स्पष्ट दिसतंय. त्याच पानाच्या तळाशी कलम ११ सुरू होतं, 'कंपनीच्या कामकाजाच्या गरजेनुसार कर्मचाऱ्याचे कामाचे ठिकाण', आणि तिथे फोटो संपतो. पुढचं मला दिसत नाही, पण अशी शेकडो पत्रं वाचलेल्या माणसाला ते वाक्य कुठे जाणार याचा अंदाज येतो : '...बदलण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवत आहे.' तसं असेल तर 'रिमोट' हा शब्द तुम्हाला वाटतो तितका तारणार नाही. उलट त्या कलमात 'उभयपक्षी लेखी संमतीने' असे शब्द असतील, तर सगळं चित्र पालटतं.

मॅनेजरच्या चॅटचं महत्त्व मी कमी लेखत नाही. माणसाने त्या शब्दावर घर हलवलं. मला मनापासून वाटतं की घरून काम हवं होतं तेव्हा तोंडी आश्वासनं वाटणाऱ्या कंपन्यांनी ती मोडताना निदान सहा महिन्यांची मुदत द्यायला हवी. पण कोर्ट आधी पाहील ते सही असलेला कागद, आणि मग मॅनेजरला असं वचन द्यायचा अधिकार होता का ते. चॅट जपून ठेवा, तो वाटाघाटीत उपयोगी पडेल.

'मान्य' बटण मात्र इतक्यात दाबू नका. करार कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे दोन्ही बाजूंच्या संमतीने जुन्या कराराच्या जागी नवा आला की जुना पाळायची गरज उरत नाही. म्हणजे एका क्लिकने तुमचा 'रिमोट' शब्द तुम्हीच खोडाल. हजर होणं वेगळं आणि नव्या अटी मान्य करणं वेगळं. पहिलं करा, दुसरं थांबवा.

कोर्टाचं विचारलंत. भारतात घरून काम करण्याचा सर्वसाधारण कायदेशीर हक्क आज नाही. ब्रिटनने ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लवचीक कामाची मागणी करण्याचा हक्क दिलाय, पण तोही मागण्याचा आहे, मिळण्याचा नाही. दिवाणी न्यायालयात गेलात तर दुसरी भिंत आडवी येते. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सहसा जबरदस्तीने पाळायला लावत नाही. कंपनीने करार मोडला असं सिद्ध झालं तरी नोकरी परत मिळत नाही, मिळते ती भरपाई, आणि ती बहुधा नोटीस पिरियडच्या पगाराएवढीच असते. त्यासाठी तुम्ही काही वर्षं तारखा घालाव्यात असं मी सांगणार नाही.

औद्योगिक कायद्याची वाट याहून बरी आहे, पण त्यासाठी तुम्ही कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' असायला हव्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात तांत्रिक काम करणारे कामगार धरले जातात. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे वगळले जातात, तसेच देखरेखीचं काम करून महिन्याला १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारेही. इथे पदाचं नाव नाही, हातातलं काम पाहतात. तुमच्या पदात 'लीड' आहे, पण तुम्ही दिवसभर टेस्ट केस लिहिता, बग नोंदवता, कुणाची रजा मंजूर करत नाही, कुणाचं मूल्यमापन करत नाही. हे सांगता आलं तर तुमची बाजू बरी आहे. कंपनी 'लीड' या शब्दावर बोट ठेवणारच, म्हणून गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष काय काम केलं याची टिपणं आजच काढा.

कामगार ठरलात तर एक मुद्दा मांडण्याजोगा आहे. पूर्वीच्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं तसंच नव्या संहितेतही ठराविक सेवाशर्ती बदलण्याआधी कंपनीला २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. त्या यादीत 'रूढ झालेली सवलत काढून घेणे किंवा प्रघातात बदल' हीही बाब आहे. साडेचार वर्षं अखंड घरून काम हा प्रघात झाला, असं म्हणता येईल. तुम्हाला बारा दिवस मिळालेत. हमखास जिंकणारा मुद्दा म्हणून मी हा देत नाही, कंपनी म्हणेल की ती महामारीतली तात्पुरती सोय होती. शिवाय अटी बदलल्याचा वाद एकट्याने नेता येत नाही, तो संघटनेमार्फत किंवा समूहाने उभा करावा लागतो. एकट्या कर्मचाऱ्याला स्वतःच्या नावाने दाद मागता येते ती मुख्यतः नोकरी गेल्यावर. म्हणून जे सहकारी 'दुर्लक्ष कर' म्हणतायत त्यांना विचारा, समेट अधिकाऱ्याकडच्या (असे वाद तडजोडीने मिटवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडच्या) अर्जावर सही कराल का? उत्तरावरून तुम्हाला पुष्कळ कळेल.

आणि आता तुमच्या मुलीकडे येऊ. तुमच्या प्रश्नात तिचं वय एका ओळीत आलंय, माझ्या मते तुमची सगळ्यात भक्कम बाजू तीच आहे.

प्रसूती लाभाच्या कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने घरून कामाची तरतूद आली. आता ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. कामाचं स्वरूप तसं असेल, तर प्रसूती रजेनंतर मालक स्त्रीला घरून काम करू देऊ शकतो, दोघांनी ठरवलेल्या मुदतीपुरतं आणि अटींवर. 'देऊ शकतो', 'दिलंच पाहिजे' नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हेच सांगितलं की कामाचं स्वरूप घरून करण्यासारखं नसेल तर ही तरतूद लागू होत नाही. तुमच्या कामाचं स्वरूप मात्र वादातच नाही, साडेचार वर्षं तुम्ही ते घरूनच केलंय. मागणी करायला एवढा आधार पुरेसा आहे.

पाळणाघराच्या तरतुदीत मात्र 'शकतो' नाही. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय द्यावीच लागते, स्वतःची किंवा इतरांसोबत सामाईक. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं, त्यात तिची विश्रांतीची वेळही धरली जाते. याशिवाय मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत स्तनपानासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी. तुमच्याकडे त्यातले दोन महिने आहेत. तुमची कंपनी पन्नासच्या किती तरी पुढे असावी. तुम्हाला ऑफिसात बोलावणाऱ्या मेलमध्ये पाळणाघराचा एक शब्द नाही, हे मी दोनदा वाचून खात्री केली.

पाळणाघर २८० किलोमीटर कमी करत नाही, हे मला कळतं. पण ते दिल्याशिवाय पाच दिवस बोलावणं कंपनीला अवघड जातं, आणि तुम्हाला बोलणी करायला वेळ मिळतो. मेल साधारण असा लिहा :

'आपला मेल मिळाला. मी अमुक तारखेला कार्यालयात हजर होत आहे. माझ्या नियुक्तीपत्रात कामाचे ठिकाण रिमोट आहे, त्यातील बदलास मी संमती दिलेली नाही आणि माझे हक्क राखून हजर होत आहे. माझी मुलगी तेरा महिन्यांची आहे. कार्यालयाचे पाळणाघर कुठे आहे, तिची नोंदणी कोणाकडे करायची आणि चार भेटींची व्यवस्था कशी आहे, ते कृपया लेखी कळवावे. ही सोय होईपर्यंत, आणि त्यानंतर सहा महिने, महिन्यातून एक आठवडा कार्यालयात व उरलेले दिवस घरून काम करण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.'

त्या तारखेला जाणं शक्यच नसेल, तर पहिल्या ओळीच्या जागी शिल्लक रजेचा अर्ज घाला आणि मंजुरी लेखी मागा. मेलमध्ये राग नको, कायद्याची कलमं नकोत, वकिलाचा उल्लेख तर नकोच. एचआरमधल्या माणसालाही वरच्यांकडे नेता येईल असा कागद हवा असतो. हवं तर एक अभ्यास जोडा. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये एका मोठ्या चिनी कंपनीतला प्रयोग छापून आला होता. १,६१२ कर्मचाऱ्यांपैकी ज्यांना आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिलं, त्यांच्यात नोकरी सोडून जाणं एक तृतीयांशाने घटलं आणि कामाच्या मूल्यमापनात फरक पडला नाही. कोर्टात याला किंमत नाही, पण मॅनेजरच्या टेबलावर आहे.

पुरावे आजच जमवा, कारण लॅपटॉप कधी बंद होईल सांगता येत नाही. नियुक्तीपत्र, पगारवाढीची पत्रं, एचआरचा मेल, मॅनेजरचा चॅट, सगळं तारखा दिसतील असं. मात्र क्लायंटच्या फायली किंवा कोड असलेले मेल स्वतःच्या मेलवर पाठवू नका, गोपनीयतेच्या भंगाचं कारण आयतं हातात द्याल. मूळ चॅट फोनमधून पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं. सकाळी येऊन कार्ड दाखवून परत जायचं, अशी युक्ती कुणी सुचवली तर करू नका. दाराच्या यंत्रात वेळा नोंदतात.

राजीनाम्याबद्दल तुमच्या नवऱ्याची काळजी मला समजते, तान्ह्या मुलीला घेऊन अशी ओढाताण कुणालाच नको. पण तुम्ही ऑगस्ट २०२१ ला लागलात, म्हणजे पाच वर्षं या ऑगस्टमध्ये भरतात. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सलग नोकरी लागते. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी चालतं, असं काही उच्च न्यायालयांनी मानलंय, पण त्या वादावर विसंबू नका. राजीनामा द्यायचाच झाला तर नोकरीचा शेवटचा दिवस पाच वर्षं उलटून गेल्यानंतरचा ठेवा. प्रसूती रजा सलग सेवेत धरली जाते, तेव्हा ती वजा होईल ही भीती नको. आणि वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर वेतनाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत व्हायला हवा. 'फुल अँड फायनलला पंचेचाळीस दिवस लागतात' असं एचआर म्हणालं तर हे लक्षात ठेवा.

मेल आज रात्री पाठवा. आणि नियुक्तीपत्राचं पुढचं पान सरळ धरून, चारही कडा दिसतील असा फोटो काढून मला पाठवा. कलम ११ चा शेवट वाचल्याशिवाय 'रिमोट' या शब्दावर किती जोर द्यायचा ते मी सांगू शकत नाही.