“टाकून दिला म्हणतील”

ठाण्यात मानसिक आजारातून सावरणाऱ्यांच्या घरच्यांशी बोलताना एक वाक्य हमखास कानावर पडतं : “हाफवे होममध्ये ठेवला तर लोक म्हणतील, पोराला टाकून दिला.” हाफवे होम म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्या मधला टप्पा : सावरणारा माणूस तिथे काही महिने राहतो आणि स्वतःचं स्वतः करायला पुन्हा शिकतो.

कळव्याचं एक जोडपं हेच घेऊन आलं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगा ३४ वर्षांचा, स्किझोफ्रेनिया. गोळ्या वेळेवर चालू होत्या, भास थांबले होते, पण दिवस कॉटवरच जायचा. डॉक्टरांनी हाफवे होम सुचवलं आणि घरात रडारड झाली.

“कोण म्हणेल टाकून दिला?”

“माझी जाऊ.”

“त्या भेटतात त्याला?”

“गणपतीत येते ना. तेव्हा तो आतल्या खोलीत असतो.”

यावर मी काही बोलले नाही. आईच बोलली, “आम्हीच ठेवतो म्हणा.”

“याला ठाण्याला पाठवा” हा टोमणा मराठी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. इथलं मनोरुग्णालय १९०१ चं. त्यामुळे हाफवे होम म्हणजे त्याचीच छोटी आवृत्ती, असं लोकांना वाटतं. खरं तर ही कल्पना आधी कैद्यांसाठी आली. सुटून आलेल्या बायकांना थारा म्हणून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १८६४ साली असं घर निघालं. मनोरुग्णांसाठी इंग्लंडमध्ये १९५९ मध्ये रिचमंड फेलोशिप ही संस्था सुरू झाली, तिचं काम १९८६ मध्ये बंगळुरूत आलं. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशी घरं उपलब्ध करून देणं सरकारवर सोपवलं आहे. घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही, हेही त्यात आहे.

पण आईला कायदा सांगून काय उपयोग? कोंडी फोडली वडिलांनी. तोवर ते गप्पच असायचे. एका भेटीत उठता उठता म्हणाले, “मॅडम, आमच्यानंतर याला गॅस पेटवता येईल का?”

आई चमकली. “मी कधी हातच लावू दिला नाही. भाजलं तर?”

बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. मी ते गिळलं, आणि तेव्हा गप्प बसता आलं याचं मला आजही समाधान आहे. बऱ्याच वेळाने आईच म्हणाली, “तिथे शिकवतात का हो?”

मी पेशंटला एकट्याला कधीच बघत नाही, सगळं घर बघते. या मुलाची नोकरी आजाराने नेली होती. गॅस, बसचा प्रवास, खिशातले पैसे, दाराची किल्ली मात्र घरानेच मायेपोटी काढून घेतली होती. ते परत द्यायला घरालाही सराव लागतो. महिनोन्‌महिने तिथे राहून तो शिकला आणि घरी आल्यावर आईने पुन्हा ताट हातात दिलं, तर शिकलेलं जातं.

म्हणून जागा निवडताना खोल्या, फरशा नंतर बघा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, न कळवता भेटायला येऊ देतात का, फोन करू देतात का, काम शिकवतात की फुकट राबवून घेतात, हे आधी विचारा. बाहेर पडायच्या तयारीबद्दल पहिल्या दिवसापासून बोलत नसतील, तर दुसरी जागा शोधा. औषधांचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नका. आणि रविवारी तो घरी आला की पाहुण्यासारखा बसवू नका. कुकर त्याला लावू द्या, शिट्ट्या त्यालाच मोजू द्या. भात जरा गिचका झाला तरी खा.