डिफेन्समनची पारख

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा आहे, आइस हॉकीत डावा डिफेन्समन म्हणून खेळतो. स्केटिंग वेगवान आहे, पॉवर प्लेवर (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) त्याच्या नावावर पॉइंट्सही (गोल आणि गोलसाठी दिलेले पास) बरेच आहेत. तरी प्रशिक्षक त्याला डिफेन्समनच्या तिसऱ्याच, म्हणजे सर्वांत कमी खेळायला मिळणाऱ्या जोडीत खेळवतात आणि 'बचाव कच्चा आहे' एवढंच सांगतात. नेमकं काय कच्चं आहे हे कसं ओळखावं?

उत्तर : 'बचाव कच्चा' ही तक्रार झाली, निदान नव्हे. पॉवर प्लेचे पॉइंट्स तूर्त बाजूला ठेवा. समोर एक माणूस कमी असताना ब्लू लाइनवर (प्रतिस्पर्ध्याच्या भागाच्या निळ्या रेषेवर) पास द्यायला उसंत मिळते, एरवी मिळत नाही. प्लस-मायनसच्या आकड्यावरही (मुलगा बर्फावर असताना संघाने केलेले वजा खाल्लेले गोल) विसंबू नका. पॉवर प्लेवर केलेले गोल त्यात धरत नाहीत, आणि जोडीदाराच्या चुकीने झालेला गोल मात्र मुलाच्याही खात्यावर चढतो.

तीन सामने वरच्या रांगेतून, जमल्यास गोलच्या मागच्या बाजूने पाहा. नजर पकवर (खेळाच्या रबरी चकतीवर) नको, मुलावर. (पहिल्या दहा मिनिटांत दहादा विसराल.)

प्रतिस्पर्ध्याने पक कोपऱ्यात ढकलला आणि मुलगा तो आणायला वळला, की मोजायला लागा : पकला स्टिक लावण्याआधी त्याने खांद्यावरून मागे किती वेळा पाहिलं? निघताना एकदा आणि पोहोचायच्या जरा आधी पुन्हा एकदा, एवढं हवंच. दुसरी नजर जास्त मोलाची, कारण फोरचेकर (पक हिसकावायला धावून येणारा प्रतिस्पर्धी) कोणत्या खांद्याकडून येतोय यावर कुठे वळायचं ते ठरतं. पुढे काय झालं तेही लिहा : नीट पास, काचेवर मारून बाहेर काढलेला पक, की गमावलेला. पाहूनही गमावला तर हात किंवा पास कच्चा. न पाहता गमावला तर सवय कच्ची, आणि ती सुधारणं त्यातल्या त्यात सोपं. सरावात मागे उभ्या असलेल्याने बोटं दाखवायची, मुलाने पक घेण्याआधी आकडा ओरडून सांगायचा.

आता गॅप, म्हणजे पक घेऊन येणारा आक्रमक आणि मुलगा यांच्यातलं अंतर. आपल्या ब्लू लाइनवर ते साधारण एक ते दीड स्टिक असावं. वेगवान स्केटर असूनही मुलगा तिथे चार-पाच मीटर मागे असेल, तर आक्रमक आरामात आत येतो. असं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बाहेरून कोणी निसटेल ही धास्ती. या धास्तीचं मूळ बहुधा वळण्यात असतं : सरळ पळताना पाय वेगवान, पण मागे स्केटिंग करता करता पुढे वळताना एका बाजूला अडखळतो. म्हणून बोर्डाकडून (मैदानाच्या कडेच्या भिंतीकडून) निसटलेले आणि मधून निसटलेले आक्रमक वेगळे लिहा. एकाच बाजूचे जास्त निघाले तर त्या बाजूचं वळणं रोज घोटून घ्या. दोन्हीकडे सारखेच असतील तर नजर तपासा. असा मुलगा बहुतेक पकवर डोळे लावून बसतो आणि हातांच्या हुलकावणीला फसतो. डोळे आक्रमकाच्या छातीवर हवेत, स्टिक एका हातात, तिचं पातं बर्फावर आणि पासच्या वाटेत.

प्रत्येक चुकीपुढे शिफ्टचा (बर्फावर उतरल्यापासून बाहेर येईपर्यंतच्या पाळीचा) कितवा सेकंद होता तेही टिपा. चुका चाळिसाव्या सेकंदानंतरच होत असतील तर दोष कौशल्यात नाही. शिफ्ट लांबतेय किंवा दम कमी पडतोय. बचाव शिकवत बसून उपयोग नाही.

दोन आक्रमकांसमोर मुलगा एकटा अशी वेळ सामन्यात क्वचितच येते, पण आली की लक्ष द्या. त्याने पासची वाट अडवायची, शॉट गोलरक्षकावर सोडायचा. पकवाल्याकडे धावला किंवा घाईने बर्फावर आडवा झाला, तर समज अजून पक्की नाही.

प्रश्न : १५ वर्षांच्या डिफेन्समनची उंची १७० सेंमी. पुढे अडचण येईल?

उत्तर : गोलसमोर धिप्पाड माणसाला ढकलून हलवणं जड जाईल, हे खरं. त्याने ढकलाढकलीच्या नादी न लागता समोरच्याची स्टिक ऐन वेळी उचलायला शिकावं. १७८ सेंमीचा क्विन ह्यूजेस २०२४ मध्ये नॉरिस ट्रॉफी, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या सर्वोत्तम डिफेन्समनचा मान, मिळवून गेला. उलट २०६ सेंमीच्या झ्देनो खारालाही १९९६ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्यात) ५६ व्या क्रमांकापर्यंत थांबावं लागलं. पुढे सात नॉरिस जिंकणारा निकलास लिडस्ट्रॉम १९८९ मध्ये ५३ वा निवडला गेला होता. डिफेन्समन उशिरा पिकतो. पंधराव्या वर्षी उंचीपेक्षा वर सांगितलेल्या दोन नजरा मोजा.

प्रश्न : मुलीचा स्लॅपशॉट दणदणीत आहे, पण ब्लू लाइनवरून मारलेला पक गोलपर्यंत पोहोचतच नाही.

उत्तर : स्टिक मागे नेण्यात वेळ जातो, तेवढ्यात समोरची खेळाडू शॉटच्या रेषेत येते आणि पक तिच्या नडगीवर आदळतो. पक मिळताच रेषेवरून दोन-तीन पावलं आडवं सरकायला सांगा, मान वर, आणि वाट दिसताच गुडघ्याच्या उंचीचा रिस्ट शॉट (स्टिक मागे न नेता मनगटाच्या झटक्याने). तेवढ्या उंचीवर गोलसमोरच्या जोडीदाराला स्टिक लावून पकची दिशा बदलता येते. स्लॅपशॉट समोर कोणी नसेल तेव्हाच मारावा.